कड्याखालची जागा कशी तपासावी: कोकणातल्या धबधब्यांच्या दरीत सुट्या धोंड्यांचा धोका

मराठीत ‘दरड कोसळली’ म्हटलं की त्यात सगळंच येतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत पाण्याने जड झालेली माती, मुरूम आणि दगड असा सगळा उतारच खाली आला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या रुळांवर आले ते धोंडे होते. गाडी घसरली आणि ५० हून अधिक माणसं गेली. बातमीत तिन्ही दरडीच. जागा तपासणाऱ्याला मात्र हा फरक पहिल्या दिवशीच कळायला हवा, कारण दोन्हींची लक्षणं वेगळी, पोहोच वेगळी आणि उपायही वेगळे.

हा लेख फक्त सुट्या दगडांविषयी आहे: कड्यावरून निसटणारे, आपटत आणि गडगडत येणारे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दरीत धबधबा, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), पार्किंग, चहाची टपरी असं पर्यटनाचं ठिकाण सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीने, वनव्यवस्थापन समितीने किंवा होमस्टेवाल्यांनी पहिली पाहणी स्वतः कशी करावी, एवढंच यात आहे. उतारावर मातीला आडव्या भेगा पडलेल्या असतील, झाडं एकाच बाजूला कललेली असतील, नवीन झरे फुटले असतील, तर ते मातीच्या दरडीचं लक्षण. तिथे हा लेख बाजूला ठेवा आणि थेट तहसील कार्यालयाला कळवा.

धोका डोंगराचा, जोखीम आपली

कड्यावरचा दगड पडणं हा धोका. त्याच्या वाटेत त्याच वेळी माणूस असणं ही जोखीम. निर्जन घळीत रोज गाडीएवढा धोंडा पडला तरी जोखीम शून्य. उलट वर्षातून एकदाच नारळाएवढा दगड पडतो, पण तो पडतो त्या जागी दर रविवारी दीडशे माणसं बसलेली असतात, तर ती जागा वाईट. नवखे लोक सगळा वेळ वर बघण्यात घालवतात. निम्मा वेळ खाली, माणसं कुठे थांबतात हे बघण्यात गेला पाहिजे. डोंगर बदलायला कोटी रुपये लागतात, बाक हलवायला दोन माणसं.

कधी जायचं

वर्षातून दोनदा. एकदा पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा त्या पावसाळ्यात पडलेले दगड ताजे दिसतात. दुसऱ्यांदा आगोटीच्या कामांबरोबर, मे महिन्यात, कारण तोवर गवत वाळून कडा उघडा पडलेला असतो. मधल्या काळात वणवा लागून गेला असेल तर मेची पाहणी टाळू नका. आगीने दगडाचे पापुद्रे सुटतात आणि लहान दगड धरून ठेवणारं गवत जळून जातं. पाऊस चालू असताना कड्याखाली पाहणीला जायचं नाही.

कोकणातून दिसणारा सह्याद्रीचा कडा बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी तो सावलीत असतो आणि सगळा एकसारखा काळा दिसतो. दुपारी तीननंतर तिरपं ऊन आलं की प्रत्येक भेगेला सावली पडते. फोटो आणि दुर्बिणीचं काम त्या वेळेसाठी ठेवा, खालची मापं सकाळी उरका.

कड्यावर आग्या मोहोळ आहे का, ते सगळ्यात आधी बघा. असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा आणि हातोडीची ठोकाठोक बंद. पाहणीला गेलेल्यांना दगडापेक्षा माश्यांनी पळवून लावण्याची शक्यता जास्त असते.

काय न्यायचं

३० मीटरची टेप, दुर्बीण, मोबाइल, लहान हातोडी, मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, लाल ऑइल पेंट आणि ब्रश, वही. चुना नको, पहिल्या पावसात धुऊन जातो. होकायंत्र नेलंत तर ते कातळाला टेकवून वाचू नका. आपल्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिज असतं, सुई भरकटते.

हेल्मेट घालाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची चाचणी ५ किलोचं वजन २ मीटरवरून सोडून घेतात, म्हणजे साधारण १०० ज्यूल. मुठीएवढा, दीड किलोचा दगड ३० मीटरवरून आला तर तो ४४० ज्यूल घेऊन येतो, ताशी ८५ किलोमीटरच्या पुढच्या वेगाने. हेल्मेट खड्यांसाठी आहे.

आणखी एक वस्तू घरी बनवायची: जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण, पाया २० सेंटिमीटर, उभी बाजू १० सेंटिमीटर. उभ्या बाजूच्या वरच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला एक नट बांधा. त्याचा उपयोग पुढे येईल.

पायरी १: कडा वाचा

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. दोन कठीण थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी विटेच्या रंगाचा मऊ लाल थर असतो, नखाने खरवडला तरी निघतो. कोकणातल्या कड्यांची गोम तिथेच आहे. हा लाल थर पाण्याने झिजून आत जातो, वरचा काळा कातळ पुढे लोंबता राहतो, आणि थंड होतानाच पडलेल्या उभ्या भेगांवर तो खांबासारखा सुटून येतो. म्हणून दुर्बिणीने आधी लाल पट्टा शोधा आणि मग त्याच्या वर काय लटकतंय ते बघा. लाल पट्ट्याच्या खालचा कडा कितीही भेसूर दिसला तरी बऱ्याचदा तो जास्त पक्का असतो.

समुद्राच्या बाजूला, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळ पठारांवर, तोच प्रकार जांभ्यात होतो. वर कडक जांभा, खाली पांढरट-पिवळसर चिकण माती. माती वाहून गेली की सड्याच्या कडेचे खोलीएवढे ठोकळे कलतात. सड्याच्या काठाला समांतर, काठापासून काही पावलांवर गेलेली भेग हे त्याचं पहिलं चिन्ह. ती पालापाचोळ्याने भरलेली असते, पायाला लागते, डोळ्याला दिसत नाही.

आता पाणी. भेगेत साठलेलं पाणी दगड भिजवतं एवढंच नाही, ते त्याला ढकलतं. २ मीटर खोल भेग काठोकाठ भरली तर भेगेच्या दर मीटर लांबीला सुमारे २ टन एवढा आडवा रेटा तयार होतो. खोली दुप्पट झाली तर रेटा चौपट. म्हणून मोठ्या सरीनंतर धोंडे सुटतात आणि म्हणूनच पाऊस थांबला म्हणजे धोका संपला असं नसतं; भेग रिकामी व्हायला वेळ लागतो. कड्याच्या माथ्यावरचं पाणी भेगेकडे येतंय का, वरच्या शेताचा किंवा रस्त्याचा चर तिथे सोडलाय का, हे माथ्यावर जाऊनच कळतं. शक्य असेल तिथे माथ्यावर एक फेरी माराच.

वड, पिंपळ, उंबराची मुळं भेगेत घुसलेली दिसली तर जागा नोंदवा, पण झाड तोडायला धावू नका. जिवंत मूळ भेग रुंदावतं हे खरं. मेलेलं मूळ कुजतं आणि पाण्याला सरळ वाट देतं.

पायरी २: खाली पडलेल्यांची मोजणी

कड्याच्या पायथ्याशी दगडांचा जो तिरका ढीग असतो तो घसारा. डोंगराने स्वतःच लिहिलेली ती वही आहे, फक्त वाचता आली पाहिजे. ताज्या दगडाच्या कडा धारदार असतात, रंग राखाडी किंवा लालसर आणि स्वच्छ असतो. त्याच्यावर शेवाळ नसतं आणि तो पाचोळ्याच्या वर बसलेला असतो, खाली चिरडलेलं गवत सापडतं. जुना दगड अर्धा जमिनीत, काळपट, शेवाळलेला.

इथे दोन चुका हमखास होतात. ओढ्यातले गोल गरगरीत गोटे मोजले जातात. ते पाण्याने वरून आणलेले असतात, कड्यावरून पडलेले नसतात. आणि वर रस्त्याचं काम झालं असेल तर उतारावर ढकललेला राडारोडाही धारदार आणि ताजा दिसतो. त्यात डांबराचे तुकडे, सुरुंगाच्या भोकाचे अर्धगोल चर सापडतात का ते बघा.

आकार लिहिताना घरच्या मापात लिहा, सगळ्यांना समजतं: मुठीएवढा (दीड किलो), असोल्या नारळाएवढा (११-१२ किलो), घागरीएवढा (६० किलोच्या वर), आणि त्यापुढे टेपने लांबी-रुंदी-उंची. काळा कातळ घनमीटरला पावणेतीन ते तीन टन भरतो, म्हणजे कंबरेएवढा चौकोनी धोंडासुद्धा छोट्या ट्रकचं ओझं असतो.

किती वेळा पडतात, हे विचारून नीट कळत नाही. गुराखी सांगेल ‘सारखे पडतात’, टपरीवाला सांगेल ‘कधीच नाही’, आणि दोघांचंही कारण उघड आहे. त्यापेक्षा मे महिन्यात घसाऱ्याच्या खालच्या भागात १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखा आणि त्यातल्या मुठीपेक्षा मोठ्या प्रत्येक दगडावर लाल ठिपका द्या. जागा वनखात्याची असेल तर आधी वनरक्षकाला सांगून. नोव्हेंबरात बिनठिपक्याचे दगड मोजा. पलटी खाल्लेल्यांचा ठिपका खाली जातो, म्हणून उलटवून बघा. तीन पावसाळे हे केलंत की तुमच्याकडे जो आकडा असतो तो कुठल्याही नकाशात नसतो.

झाडांकडेही बघा. खोडाच्या डोंगराकडच्या बाजूला साल सोललेली असेल तर तो दगडाचा मार. तो जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा. दगड तिथे तेवढी उसळी घेतात. पायथ्याशी मीटरभर उंचीची गॅबियन भिंत (तारेच्या जाळीत दगड भरून केलेली) बांधली आणि झाडांवरचे घाव छातीच्या उंचीवर असतील, तर भिंत दगडांसाठी नाही, बिलासाठी बांधली.

पायरी ३: पोहोच

आता तो पुठ्ठ्याचा त्रिकोण. ज्या जागेची शंका आहे, समजा बाक, तिथे बसा. त्रिकोणाचं अरुंद टोक डोळ्याशी, उभी बाजू पलीकडे. दोरा उभ्या बाजूला समांतर लोंबेल असा तो सरळ धरा आणि तिरक्या कडेवरून वर बघा. घसारा जिथे कड्याला टेकतो ते वरचं टोक नजरेच्या रेषेच्या वर दिसलं, तर बाक दगडांच्या पोहोचेत आहे. खाली दिसलं तर बहुधा नाही.

यामागचं गणित सोपं आहे. जगभरच्या घसाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की सुटे धोंडे घसाऱ्याच्या वरच्या टोकापासून साधारण २७.५ अंशांच्या रेषेच्या पलीकडे क्वचितच जातात. आपला त्रिकोण साडेसव्वीस अंशांचा आहे, म्हणजे किंचित सावध बाजूला. जमिनीच्या भाषेत: घसाऱ्याचं टोक तुमच्यापेक्षा ४० मीटर उंच असेल तर आडवं अंतर किमान ८० मीटर हवं. मोबाइलच्या कोनमापक ॲपनेही हे होतं, पण दोन जणांनी वेगवेगळं मोजून बघा. घसारा तयारच झालेला नसेल, कडा सरळ ओढ्यात उतरत असेल, तर तोच त्रिकोण सुट्या दगडाच्या मूळ जागेवर रोखा.

रेषेपेक्षा पुरावा मोठा. सगळ्यात लांब पोहोचलेला जुना धोंडा शोधा; तो भातखाचरात, बांधावर, कधी देवळाच्या आवारात सापडतो आणि लोक त्याला ‘पूर्वीपासूनचा’ म्हणतात. तो रेषेच्या पलीकडे असेल तर तुमची रेषा त्याच्या पलीकडे न्या. अरुंद नाळेत दगड दोन्ही बाजूंनी कोंडले जातात आणि पाण्याबरोबर आणखी लांब जातात. नाळेच्या तोंडाशी हा त्रिकोण चालत नाही. ती जागा सरळ पोहोचेत धरा.

पायरी ४: माणसांचे तास

जुलैतला एक रविवार धरू. पाखाडी ३० मीटर रुंदीच्या एका घळीच्या तोंडावरून जाते. ४०० माणसं जाऊन-येऊन ८०० वेळा ती ओलांडतात, प्रत्येक वेळी ३० सेकंद. एकूण झाले पावणेसात तास. धबधब्याच्या डोहाकाठी १५० माणसं सरासरी दीड तास थांबतात, ते झाले २२५ तास. दोन्ही जागी दगड सारखेच पडत असतील, तर डोहाकाठची जोखीम चौतीसपट आहे. प्रत्यक्षात ती आणखी जास्त, कारण डोहाकाठी पाण्याच्या आवाजात दगडाचा आवाज ऐकू येत नाही आणि वरून पाणी स्वतःच दगड घेऊन येतं.

हाच हिशेब एका माणसाचा करून बघा. पर्यटक वर्षातून एकदा दीड तास येतो. टपरीवाली बाई रोज नऊ तास, हंगामाचे १०० दिवस: ९०० तास. गर्दीची जोखीम डोहाकाठी, पण एकट्या माणसाची सगळ्यात मोठी जोखीम टपरीत. ती पोहोचेत असेल तर आधी टपरी हलवा, आणि त्या जागी दुसरी टपरी येऊ देऊ नका. पार्किंगचंही तसंच. गाडीचं नुकसान सोडा, गाडीत लहान मुलं झोपवून ठेवलेली असतात.

वहीत प्रत्येक जागेपुढे लिहा: दगड कुठून येतो, सगळ्यात मोठा ताजा दगड केवढा, वर्षाला किती ताजे, त्रिकोणात आत (म्हणजे पोहोचेत) की बाहेर, रविवारी माणसांचे तास किती. एवढ्यावर जागांचा क्रम लावता येतो. गुण देऊन, गुणाकार करून दशांश चिन्हापर्यंत जाण्यात अर्थ नाही.

पायरी ५: काय करायचं, कोणत्या क्रमाने

पहिल्यांदा थांबण्याच्या जागा हलवा: बाक, टपरी, सेल्फी पॉइंट, कचऱ्याचा डबा. हो, डबासुद्धा, जिथे डबा तिथे माणसं खायला बसतात. मग ओलांडण्याच्या जागा लहान करा. फलकावर ‘सावधान, दरडप्रवण क्षेत्र’ लिहून काही होत नाही, लोक त्याच फलकाखाली उभे राहून फोटो काढतात. ‘पुढचे ४० मीटर न थांबता चाला’ असं लिहा आणि ४० मीटर जिथे संपतात तिथे दुसरा फलक लावा. दोन फलकांमध्ये सावली देणारं, टेकायला बरं वाटणारं काही ठेवू नका.

डुगडुगता धोंडा पहारीने पाडून टाकू, असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतं. हे काम दोरावर काम करणाऱ्या प्रशिक्षित लोकांचं आहे. वाट दोन्ही टोकांना बंद करून, कोरड्या हंगामात. एक धोंडा काढला की त्याच्यावर टेकलेले तीन सुटतात, आणि ते कुठे जातील ते पाडणाऱ्याला ठरवता येत नाही.

जाळी हा शेवटचा आणि महागडा उपाय. कड्यावर पांघरलेली जाळी दगड थांबवत नाही, उसळू न देता खाली उतरवते, म्हणून तिच्या पायथ्याशी साठणारा ढीग दर वर्षी काढावा लागतो. तो काढला नाही तर भाराने जाळी फाटते. खाऱ्या हवेत गंजही धरतो. आधी जाळी नव्हे, तिला कड्यात धरून ठेवणाऱ्या बोल्टांची डोकी तपासा. किती ताकदीची जाळी लागेल हे भूवैज्ञानिकाने ठरवायचं: एक घनमीटरचा धोंडा ३० मीटरवरून आला तर ८०० किलोज्यूलच्या वर ऊर्जा असते, आणि साधी साखळीची जाळी त्याच्यापुढे मच्छरदाणी आहे.

भेगेवर लक्ष

हात पोहोचेल अशा सुरक्षित जागी, म्हणजे माथ्यावर, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टीलचा खिळा सिमेंटमध्ये बसवा. डोक्यांवर छिन्नीने फुली मारा आणि फुलीपासून फुलीपर्यंतचं अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये लिहा. जांभ्यात खिळा हलतो, तिथे ड्रिल करून १० सेंटिमीटरची सळई घाला. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा आठवड्यातून एकदा. एक-दोन मिलिमीटरचा चढउतार उन्हा-थंडीचा आणि हाताच्या चुकीचा असतो. अंतर दर वेळी एकाच दिशेने वाढत असेल तर माप कितीही लहान असो, खालची जागा बंद.

पावसाच्या दिवसाचा नियम

हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस. तालुक्याचा आकडा दरीच्या तोंडाशी पडलेल्या पावसाशी जुळेलच असं नाही, घाटाच्या कुशीत तो बराच जास्त असतो. म्हणून स्वतःचा पर्जन्यमापक लावा, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. सुरुवातीला एवढा नियम धरा: ऑरेंज किंवा रेड इशारा असेल, किंवा आपल्या मापकात ११५ च्या वर गेलं असेल, तर ठिकाण बंद, आणि पाऊस ओसरल्यावर पूर्ण एक दिवस बंदच. जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश आला तर प्रश्नच मिटला. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की दगड आणि पाऊस शेजारी ठेवून हा आकडा खाली आणा. वर नेण्याची घाई नको.

ठिकाण चालू असताना पाणी अचानक गढूळ लाल झालं, किंवा धबधब्याची धार विनाकारण रोडावली, तर वर काहीतरी सुटलंय किंवा अडलंय. शिटी वाजवून सगळ्यांना बाजूला काढा, ओढ्याच्या काठाने खाली नव्हे, आडवं, चढाकडे. वरून खडे येऊ लागले तरी तेच.

वही, फोटो आणि मापं घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जा. तिथे भूवैज्ञानिक असतात आणि दरडींच्या पाहण्या त्यांच्याकडून होत आल्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यात तुमचा डोंगर दिसेल, तुमचा बाक दिसणार नाही. ‘आमच्याकडे दगड पडतात, येऊन बघा’ या अर्जापेक्षा ‘घळ क्रमांक २, मे ते नोव्हेंबर १४ ताजे दगड, सगळ्यात मोठा घागरीएवढा, टपरी त्रिकोणात आत’ अशी एक ओळ जास्त काम करते. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. सरपंच बदलतो, समिती बदलते, आणि खिळ्यांमधलं पहिलं माप कुणाकडेच सापडलं नाही तर पुढची सगळी मापं वाया जातात.